मंद झालेली कूस

नार्नूरच्या अलीकडच्या वाडीत राहीबाईला उन्हाळा किती चढला ते गायीच्या कुशीवरून कळे. चैतात तिची संकरित गाय चांदी दुपारभर तोंड उघडून धापा टाकी. लाळ गळे, कूस भात्यासारखी हले. बसायचं नाव नाही. उभं राहिलं की पोटाखालूनही वारा लागतो. राहीबाई कुशीवर तळवा ठेवून श्वास मोजी. मिनिटाला ऐंशी, कधी नव्वद.

वैशाखात एका दुपारी कूस जवळजवळ हलेनाशी झाली. ऊन तेच, गोठ्याचा पत्रा तसाच तापलेला. चांदी तोंड मिटून, अर्ध्या डोळ्यांनी उभी. वैरण तशीच पडलेली.

राहीबाईनं कुशीवर तळवा टेकवला. मागच्या वैशाखात तिचा नवरा डोमाजी वावरातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून आला, खाटेवर धापा टाकत पडला आणि असाच शांत झाला. बरं वाटून राह्यलं त्याले, असं समजून ती पाण्याला गेली होती. परतली तोवर तो संपला होता.

गाय दाव्याला मरू देत नाहीत. घराला पाप लागतं. तिनं गळ्यातलं दावं काढलं आणि मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईला, शीतलताईला, फोन लावला.

शीतलताईनं येऊन ताप पाहिला, श्वास मोजला. चाळीस. पाठीवरून हात फिरवला. केस झडून आखूड, चकचकीत झाले होते, हात ओला झाला.

"मरत नाही, मावशी. महिनाभरात अंगानं सवय करून घेतली. आतली चूल बारीक केली तिनं. कमी खाते, कमी दूध देते, घाम जास्त गाळते. धापा कशाला टाकील?"

वैरण पहाटे टाका, पाणी सावलीत ठेवा, असंही तिनं सांगितलं.

"मानसाचंबी असं होते का?"

"होतं. पण दोन-तीन आठवडे लागतात."

राहीबाई खुंट्याकडे पाहत राहिली. डोमाजी हिवाळ्यापासून लेकाकडे पुण्याला होता. तिथून वैशाखात आला आणि लगेच वावरात गेला.

"त्याले तिसराच दिवस होता," ती म्हणाली.

शीतलताई गेली. दावं हातात घेऊन राहीबाई उभी होती. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही, हे तिच्या आता ध्यानात आलं. कालही अर्धीच भाकर. तिनं एक तळवा चांदीच्या कुशीवर ठेवला, दुसरा आपल्या बरगडीवर. दोन्हीकडे तसंच, मंद. चांदीनं मान वळवली आणि तिच्या बरगडीवरल्या हाताकडे बघू लागली.

राहीबाईनं दावं पुन्हा तिच्या गळ्यात घातलं. गाठ सैल ठेवली.