सगळ्या खोल्यांची एकच ओळ

आमच्या वहिनीला आधीपासून आकडा ठरवून काही करता येतच नाही. जेवायला किती जण, असं विचारलं की म्हणणार, "येतील तेवढे येऊ देत, टेबल लांबवू." प्रोग्रॅम लिहितानाही तोच खाक्या. ती ज्या इस्पितळाचं काम बघते, तिथल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खोलीत चारच खाटा धरलेल्या. नवी इमारत झाली आणि तिथे कुठे दोन खाटा, कुठे सहा! मग वहिनीने नवा तक्ता रचला. मजला, मजल्यावर खोल्या, खोलीत खाटांची ओळ. खाट वाढली की ओळ आपोआप वाढणार. नर्सने गोळी दिली की त्या खाटेपुढे खूण करायची. दादा तर बायकोचं कौतुक करताना थकेना.

आणि नेमके आमचे बाबाच मांडीचं हाड मोडून त्या इमारतीत दाखल झाले.

दुपारी बाबा कण्हत होते. "दुखण्याची गोळी दिलीच नाही मला." नर्सने संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. "दिली की आजोबा. ही काय खूण!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, या वयात विसर पडतो, तपासून घेऊ. जन्मभर पोरांना गणित शिकवलेला माणूस! मी आपली समजूत घालत बसले, "घेतली असेल हो बाबा, आठवत नसेल." ते आधी चिडले. संध्याकाळी हळूच म्हणाले, "गेलं वाटतं माझं डोकं."

वहिनी नुकतीच आली होती. तिचं नि बाबांचं कधी फारसं जमलं नाही. तिने सरळ विचारलं, "बाबा, आठवत नाही, की घेतलीच नाही?"

"घेतलीच नाही."

"मग नाही घेतली."

"अगं, पण तुझाच प्रोग्रॅम सांगतोय ना!" मी भडकले.

"म्हणूनच बघते," म्हणत तिने तिथेच लॅपटॉप उघडला.

या मजल्यावर सगळ्या खोल्या सहा खाटांच्या; बाबांची खाट तिसरी. तिने शेजारच्या खोलीतल्या तिसऱ्या खाटेपुढे खूण केली मात्र, मजल्यावरच्या सगळ्या तिसऱ्या खाटांपुढे खुणा उमटल्या! वहिनीने लगेच आपला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून काढला. नव्या मजल्यासाठी तिने एक रिकामी ओळ केली होती आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र ओळ द्यायच्या ऐवजी तीच सगळ्यांना जोडली होती.

"एकच ताट सगळ्यांपुढे ठेवलं गं मी! एक जेवला की सगळे जेवले. आणि तपासलं तेही एकाच खोलीत."

तिने तिथूनच फोन करून प्रोग्रॅम बंद करायला लावला, खुणा कागदावर करायला सांगितल्या. इमारत अजून अर्धी रिकामी होती म्हणून, नाहीतर काय अनर्थ झाला असता!

मग ती बाबांजवळ बसली. "चूक माझी आहे. तुमचं डोकं ठणठणीत आहे."

आता तिची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. बाबांनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बरं झालं आज विचारलंस," ते म्हणाले. "उद्या मी 'घेतली' म्हणालो असतो. ती गोळी घेतल्याचं मला आठवायला लागलं होतं गं."