एकाच कुशीवर निजलेले चमचे

कुन्सान बंदरामागच्या टेकडीवर एक छोटं चर्च आहे. रविवारची उपासना संपली की तिथली साठ-सत्तर माणसं खालच्या दालनात एकत्र जेवायला बसतात. त्यांच्या हातात पडणारा प्रत्येक चमचा गेली एकोणीस वर्षं पिलरेच्या नजरेखालून जात आला आहे. तिला क्वनसा, म्हणजे चर्चची ज्येष्ठ सेविका, हा मान मिळाला तो प्रार्थनेमुळे की घासण्यामुळे, हे प्रभूलाच ठाऊक. ती स्वतः म्हणायची, माझी अर्धी प्रार्थना नळाखालीच होते.

एका रविवारी जेवताना पोंगिमताईंनी, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या पत्नींनी, चमचा सूपच्या वाटीत घालता घालता थांबवला. उलटा करून पाहिला, हळूच बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. चमच्याच्या खोलगट भागात भाताची पापडी वाळून बसली होती. पिलरेने ते पाहिलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

भांडी धुण्याचं यंत्र येऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. ते सेरानच्या हट्टाने आलं होतं. सेरान शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. थंडीत बायकांच्या बोटांना पडणाऱ्या भेगा पाहून तिने घरोघर जाऊन सगळ्यांना पटवलं होतं. त्यामुळे ठपका आपसूक तिच्यावर आला. पुढच्या रविवारी जेवणानंतर बायकांनी बसायचं आणि यंत्र ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, असं पोंगिमताईंनी सांगून टाकलं.

खरी गोष्ट एकट्या पिलरेला माहीत होती. आदल्या रविवारी सेरानने यंत्राच्या जाळीच्या टोपलीत चमचे आणि चॉपस्टिक मिसळून, सुटे सुटे, काही डोकं वर तर काही डोकं खाली असे उभे केले होते. मग ती गायनाच्या सरावाला वर गेली. तो पसारा पिलरेला बघवेना. शिवाय डोकं वर असलेला चमचा काढताना माणूस तोंडात जायची बाजूच धरणार, हेही मनाला पटेना. तिने सगळे चमचे काढले, एका बाजूला चॉपस्टिक लावल्या, दुसऱ्या बाजूला चमचे, सगळ्यांची डोकी खाली आणि तोंडं एकीकडे. टोपली कशी देखणी दिसली.

त्या आठवड्यात तिला कुठे बसवेना. सोमवारी तिने घरातले सहा चमचे ओट्यावर तसेच लावून पाहिले. ते एकमेकांच्या कुशीत असे काही शिरले की मध्ये नखसुद्धा जाईना, पाणी कुठून जाणार? बुधवारच्या प्रार्थनेत डोळे मिटले की चमचेच दिसत. जेवताना ती चमचा खिडकीकडे धरून बघत बसे. शेवटी नवरा म्हणाला, “अगं, भात खायचाय, चमच्याचं दर्शन घ्यायचं नाहीये.” तिला हसू आलं नाही. शुक्रवारी सेरानला फोन लावला आणि किमचीच्या लोणच्याची चौकशी करून ठेवून दिला.

रविवारी बायका बसल्या. पोंगिमताई म्हणाल्या, यंत्र जाऊ दे, हात आहेत आपल्याला. मग सेरानकडे न बघता म्हणाल्या, “शाळेतली पोरं खातात काहीही.” सेरान खाली मान घालून टेबलावरचा तीळ बोटाने टिपत राहिली. एकोणीस वर्षं पिलरेच्या हाताचं नाव व्हायचं, आणि आज तिच्यापायी ही पोर बोलणी खात होती. पिलरे दोनदा उठली आणि दोनदा पाणी पिऊन बसली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा पेला हातातच होता.

“ताई, तो चमचा माझ्या हातचा होता.”

मग ती थांबलीच नाही. सेरानने कसे लावले होते, आपण कसे काढले, का काढले, सगळं भडाभडा सांगितलं.

“म्हणजे एकोणीस वर्षांत एकदा चुकलीस,” पोंगिमताई म्हणाल्या, “आणि तेही नीटनेटकेपणा करून?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. सेरान हसली नाही. उठून तिने भिजत घातलेले चमचे आणले आणि पहिल्यासारखेच उलटसुलट मिसळून टोपलीत उभे केले. तोंड लावायच्या बाजूचं काय, असं पिलरेने विचारलंच. सेरान म्हणाली, हात धुऊन मानेशी धरायचं, एवढंच. यंत्र लावलं. ते चालू होतं तेवढा वेळ पिलरे समोर स्टुलावर बसून गुडघ्यावरचा एप्रन चुरगाळत होती.

दार उघडलं तेव्हा वाफेत पोंगिमताईंनी एक चमचा मानेशी धरून उचलला, खिडकीशी नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला त्या म्हणाल्या, “राहू दे यंत्र इथंच,” आणि चमचे पुसायला फडकं मागितलं.

दुसरी टोपली भरायला घेतली. एक चमचा डोकं वर, एक खाली, मध्ये चॉपस्टिक, जशी बाजारातली गर्दी. पिलरेचा हात हळूच पुढे सरकला.

“क्वनसानिम,” सेरान म्हणाली.

पिलरेने हात एप्रनच्या खिशात घातला. तिथेही तो स्वस्थ नव्हता.