डांगराच्या वाफ्याचा अहवाल

आमच्या वाफ्यातल्या मातीत सगळं काही भरपूर आहे, असं कागदावर लिहून आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. स्फुरद जास्त, पालाश तर अति जास्त. आणि खिडकीतून दिसत होते ते डांगराचे वेल, पिवळेधमक, जमिनीला चिकटलेले.

सुरतेच्या बमरोली भागातल्या आमच्या रो-हाउसमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, सोसायटीच्या मालकीची एक पट्टी आहे. घर घेतल्यापासून तिथे आई डांगर लावते. पुण्याची माणसं ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते आमचं खानदेशी डांगर. सुरतेला आल्यावर कित्येक वर्षं ती एका खोलीत राहिली, तिथे तुळशीच्या कुंडीलाही जागा नव्हती. त्यामुळे ही पट्टी मिळाल्यावर तिला काय झालं असेल ते मी समजू शकते. सकाळी आमच्याशी बोलायच्या आधी ती वेलांशी बोलून येते.

पण दोन वर्षं झाली, फळ धरेना. लिंबाएवढं व्हायचं, पिवळं पडायचं, गळायचं. आणि होळीनंतरच्या मीटिंगमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं, "बेन, ए जमीन ज खराब छे. दिवाळी सुधी कंई नहीं थाय तो ब्लॉक नाखी दईशुं." म्हणजे दिवाळीपर्यंत काही आलं नाही तर पेव्हर ब्लॉक टाकून स्कूटर लावायला जागा. आईनं पदर कमरेला खोचला आणि उठून घरी आली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जमीन खराब! कुणी पाहिली होती? खतवाल्याकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यानं मान वर न करता डीएपीची पिशवी पुढे सरकवली. पानं पिवळी का, वेल कुठे लावलाय, याआधी काय टाकलंय, एक प्रश्न नाही. तापाला गोळी द्यावी तसं खत द्यायचं, आणि ताप उतरला नाही तर दोन गोळ्या. शेवटी मीच माती तपासायची ठरवली. शाळेत शिकवते मी, एवढं तरी जमेल. पट्टीच्या पाचसहा ठिकाणी खुरप्यानं टीचभर खोल खड्डे केले, कडेची माती खरवडून एकत्र केली, सावलीत वाळवली आणि प्रयोगशाळेत दिली.

आणि तो हा अहवाल. खाली शिफारस काय? उसासाठी युरिया किती टाकावा! अर्जावर मी ठळक अक्षरांत 'डांगर, घरची बाग' असं लिहिलं होतं. पण या भागात ऊस पुष्कळ, म्हणून सरसकट उसाचाच सल्ला चिकटवला असणार. मी फोन केला तर पलीकडून म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट बराबर छे." बराबर! अंगणात कोण ऊस लावतं?

मग तो अहवाल मी माझा मीच वाचायला बसले. नुसतं 'कमी' आणि 'जास्त' वाचून काही कळत नाही, आकडे एकमेकांच्या शेजारी ठेवून बघावे लागतात. सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या वर; माती चांगलीच अल्कधर्मी. क्षार जास्त. लोह आणि जस्त कमी, आणि अशा मातीत जे थोडं असतं तेही मुळांना घेता येत नाही. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तो म्हणूनच. कोठार भरलेलं आणि दाराला कुलूप, तशी गत. त्यात आम्ही वर डीएपी ओतत होतो.

पण एवढा पालाश आला कुठून? आणि सामू एवढा चढला कशानं?

उत्तर मागच्या दारात पोत्यात होतं. राख.

माझे वडील डाइंग मिलच्या बॉयलरवर होते, आता निवृत्त आहेत. गावी वेलांवर भुंगा पडला की चुलीतली राख भुरभुरवायची, हे ते लहानपणापासून करत आले. इथे घरात गॅस, चूल कुठली? म्हणून ते जुन्या सोबत्यांकडून बॉयलरची राख आणत. गावी चिमूटभर, इथे घमेलं भरून, कारण फुकट मिळते आणि लेकरांसारख्या वेलांना कमी कशाला करायचं! चुलीच्या राखेच्या जागी लाकूड आणि दगडी कोळसा यांची मिसळलेली राख. दोन वर्षं.

मी सरळ सांगितलं त्यांना. राग खतवाल्याचा होता, सेक्रेटरींचा होता, आणि आवाज चढला वडिलांवर. "बाबा, तुमच्या राखेनंच वेल मेले."

ते एवढंच म्हणाले, "राख टाकी म्हंजे भुंगा येस नही, असं वाटनं माले." पोतं उचलून बाहेर ठेवून आले. त्या दिवसापासून ते पट्टीत गेले नाहीत. पाण्याची नळी मागच्या दाराशी आणून ठेवायचे आणि परत फिरायचे.

मला या गोष्टीचा अजून संताप येतो. या माणसाला दोन वर्षांत एकानं जरी विचारलं असतं, काका, मातीत काय टाकता? पण ते कुणाचंच काम नव्हतं.

उन्हाळ्यात आईनं आणि मी वरची राखाडी माती खरवडून काढली. कुजलेलं शेणखत मिसळलं, थोडं गंधक टाकलं, डीएपी बंद. पाऊस पडताच आईनं नवं बी लावलं, आणि पावसाच्या पाण्यानं उरलेले क्षार धुऊन गेले. आणि नवरात्रात भिंतीशी चांगलं घागरीएवढं डांगर पिकलं. सेक्रेटरी आले, त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढून घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: आपल्या सोसायटीची बाग. आपल्या! ब्लॉकचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही, म्हणून मी जीभ आवरली.

डांगर घरात आलं. आमच्याकडे अख्खं डांगर बाई कापत नाही, पहिली सुरी पुरुषानं लावायची. या रीतीचा मला लहानपणापासून तिटकारा. लावायचं बाईनं, पाणी बाईनं घालायचं, घारगे बाईनं तळायचे आणि कापायला पुरुष! वडील तर खोलीच्या बाहेरच येईनात, "मना हात नको लावू दे त्याले," म्हणाले. मी सुरी उचलली. म्हटलं, आज मीच कापते.

आईनं माझ्या हातातून सुरी काढून घेतली. मी भांडायच्या तयारीत होते. पण ती डांगर कडेवर घेऊन आत गेली, तिनं ते वडिलांच्या मांडीवर ठेवलं आणि सुरी त्यांच्या हातात दिली.

"रीत शे," ती म्हणाली. "तुम्ही कापशात नही तोवर घरमा कोनी खावाव नही."

वडिलांनी बराच वेळ डांगरावर नुसता हात फिरवला. मग सुरी लावली.