देवाचे पाय आणि पेशकारांचा आरसा

क्रोधाला षड्रिपूंत घालणाऱ्या आमच्या ऋषींची आणि माझ्या व्याह्यांची गाठ पडली असती, तर रिपूंची संख्या पाचावरच थांबली असती, असे माझे प्रामाणिक मत आहे. इतका नित्यनेमाने, इतक्या शुचितेने रागावणारा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. माझ्या मुलीचे हे सासरे मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या न्यायकचेरीत पेशकार, म्हणजे खटले पुढे मांडणारे कारकून, होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यात त्यांचे आयुष्य गेले आणि तो आवाज निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरीही आला. साखरेच्या विकाराने त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुढे त्याच विकाराने माझा उजवा गेला, तेव्हा रुग्णालयात माझ्या उशाशी बसून ते म्हणाले, "व्याहीबुवा, आता आपल्या दोघांत मिळून चपलांचा एकच जोड पुरते." मी डोळे मिटून नामस्मरण करू लागलो. दुसरा उपाय नव्हता.

घरी येताच त्यांनी मला आपल्या मोबाइलवरील समूहात ओढले. त्यात सगळे आमच्यासारखेच, पाय गमावलेले. लालबर्‍र्‍यापासून लामत्यापर्यंतच्या गावांतली ही मंडळी कृत्रिम पायाचा पट्टा कुठे काचतो, जिना कसा उतरावा, नसलेली बोटे रात्री का दुखतात, हे एकमेकांना विचारत. पेशकारांनी तिथे एक कडक नियम घातला होता. रोज सकाळी कापलेल्या पायाच्या टोकाखाली हातआरसा धरायचा आणि आरशातल्या प्रतिमेचे छायाचित्र पाठवायचे. ते टोक स्वतःच्या नजरेला पडत नाही, आणि साखरेच्या रोग्याला तिथली जखम पुष्कळदा दुखतही नाही. मी शिष्टाचाराला अनुसरून पहिल्या दिवशी श्रीविष्णूंचे चित्र आणि एक श्लोक पाठवला. क्षणात पुकारा आला, "देवाचे पाय बरे हायेत, व्याहीबुवा! तुमचा दाखवा!" समस्त समूह हसला. मी दिवसभर अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी आरसा धरला.

त्यांच्या संतापाला निमित्त लागत नसे. रिक्षावाल्याने न विचारता काखेत हात घालून उचलले, तर "धानाचं पोतं हाय का मी? आधी विचार!" आणि विचारले, तर "काहून? मले चढता येत नाई?" एकदा माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी आमच्या दोन पायांकडे पाहून, "पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय," असा निर्वाळा दिला. पेशकारांनी विचारले, "मंग हे तुमचं टक्कल कोण्या जन्माचं?" मी त्यांना आवरले नाही. आयुष्यभर शास्त्र वाचल्यावर मला एवढे निश्चित कळले आहे, की कर्मविपाक हा स्वतःच्या अंतःकरणात डोकावण्यासाठी सांगितलेला आहे; दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवण्याचा तो परवाना नव्हे.

समूहात लामत्याची सरिता होती, मळणीयंत्रात पाय गेलेली. भावाच्या लग्नात करवली म्हणून नवरदेवामागे कलश घेऊन उभे राहायचे, एवढ्यासाठी ती कित्येक महिने चालण्याचा सराव करत होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिने मेंदीने रंगलेले हात सर्वांना दाखवले. लग्नाच्या सकाळी तिचा आरसाही आला, स्वच्छ, निर्दोष. पण आरसा धरणारा हात कोरा होता.

"मेंदी कुठं गेली? हा आरसा जुना हाय!" पेशकार कडाडले. तेव्हा तिने कबूल केले, "फोड आला, काका. फुटला. एकच दिवस, मंग दाखवतो ना डॉक्टरले."

ते ऐकताच पेशकारांनी गाडी बोलावली आणि मला अक्षरशः आत कोंबले. वाटभर त्यांचा जप चालला होता. "चिघळलं तर गुडघा जाईल! गुडघा!" मांडवात पोहोचताच त्यांनी तिच्या वडिलांना, मामांना, आचाऱ्यालाही फैलावर घेतले. मामा म्हणाले, "एक दिन की बात है, बाबूजी. पोरीची हौस हाय."

"हौसेले गुडघा देता?"

सरिता रडत नव्हती. ती त्यांच्याहून अधिक संतापली होती. "तुमचं काय जाते, काका? सारा मांडव उभा राहीन अन् करवली बसून? लोकं लंगडी म्हणतीन."

पेशकारांनी नवरदेवाच्या पाटामागे तीन खुर्च्या ओढल्या, मधली सोडून एकीवर बसले, पायजमा वर सारला, पट्टा सोडला आणि आपला पाय काढून सर्वांसमोर उभा ठेवला. "आता कोण काय म्हणते, मी पाह्यतो." मग माझ्याकडे वळले. "व्याहीबुवा, श्लोक मंग म्हणा."

धोतराच्या आड मी जे जगापासून झाकत आलो होतो, ते मी तिसऱ्या खुर्चीवर बसून सोडवले. माझा पाय त्यांच्या पायाशेजारी उभा राहिला. मग मधल्या खुर्चीवर बसून सरितानेही आपला काढला. मंगलाष्टके मी म्हटली. सारा मांडव उभा होता. आम्ही तिघे बसलेलो, आणि तिच्या हातातला कलश जराही हलला नाही. अक्षता पडताच पेशकारांनी तिला त्याच गाडीने डॉक्टरांकडे नेले. गुडघा वाचला.

आताशा पेशकारांचा उरलेला पायही कुरकुरतो आहे आणि तो आवाज खोल गेला आहे. सकाळचा पुकारा सरिता करते. "बालाघाटचे पेशकार, हाजिर हो!" कधी उत्तराला उशीर लागतो. देवापुढे निरांजन लावून मी मोबाइल हातात धरून बसतो. मग केव्हातरी एक हललेला आरसा येतो आणि मागोमाग, "आलो ना! काहून ओरडून राह्यली?" तेव्हा कुठे माझी पूजा पुढे सरकते.