ताडपत्रीखालचा पूल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. अमेरिकेत हर्नडनमधला माझा न्हावी इटलीचा. गिऱ्हाईक हसलं की कात्री थांबवून हाही हसायचा. मी इटलीच्या टूरला निघालो तेव्हा म्हणाला, "कलोसियम सगळेच बघतात. रोमजवळच्या माझ्या गावचा जुना दगडी पूल तेवढा बघून या."

मोकळी दुपार मिळाली, पण त्या दिवशी टूरवाल्यांनी गरम वरणभात ठेवला होता. मी जेवलो आणि झोपलो. परत आल्यावर मात्र ठोकून दिलं, "पाहिला! काय सुंदर!"

तेव्हापासून तो माझी खुर्ची इतरांकडे वळवायचा. "हे आमचा पूल बघून आलेत!" मीही दर महिन्याला कधी शेवाळ, कधी कठड्यावरचं मांजर जोडायचो.

एकदा त्यानं भाचीनं पाठवलेला फोटो दाखवला. दुरुस्तीसाठी पूल तीन वर्षं, म्हणजे मी गेलो तेव्हाही, ताडपत्रीखाली झाकलेला होता. "नजर भारी हो तुमची! आरपार दिसलं!" तो पोट धरून हसला. मग नव्या गिऱ्हाइकाकडे माझी खुर्ची वळवून म्हणाला, "हे आमचा पूल बघून आलेत!"

दुकान बंद करून तो लेकीकडे राहायला निघाला, तेव्हा शेवटच्या कटिंगला मी म्हणालो, "त्या पुलाबद्दल मला..."

"मान हलवू नका," तो म्हणाला.

मी हलवली नाही.