मनगटातली गुणगुण

तळव्याखाली मंद गुणगुण लागते. पहाटे मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं की वर फुलांत मधमाश्यांची असते तशी, ऐकू येण्याआधी अंगाला जाणवणारी. ती माझ्या नवऱ्याच्या डाव्या हातात आहे. मूत्रपिंडं थकली, तेव्हा डायलिसिससाठी हैदराबादच्या डॉक्टरांनी त्यांच्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून दिली. तेव्हापासून तिथलं रक्त ओढ्यासारखं घाईनं वाहतं, आणि वाहताना गातं.

मला याद्यांची सवय आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या शाळेत वर्षानुवर्षं हजेरी घेणारी बाई मी. कपाटाच्या दाराला आतून रोजची यादी चिकटवलेली असते. दिवसाचं पाणी मोजून बाटलीत भरणं, भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवणं आणि ते क्षार उतरलेलं पाणी ओतून देणं, आठवड्यातून तीनदा आदिलाबादची सकाळची बस. पण सर्वांत वर एकच शब्द आहे : हात. दवाखान्यातल्या तेलुगू सिस्टरनं माझी बोटं त्यांच्या मनगटावर दाबून शिकवलं होतं, "रोज पाहायचं, अम्मा. हे बंद झालं तर लगेच निघायचं. उद्या बोलायचं नाही."

सुरुवातीचे महिने आम्ही हैदराबादला खोली घेऊन काढले. जिल्ह्यात मशीन होतं, पाळी रिकामी नव्हती. मग एके दिवशी फोन आला, जागा झाली. मी आनंदानं सामान बांधलं. ती जागा कुणाच्या जाण्यानं झाली, हे विचारलं नाही. अजूनही त्या खाटेवर धुतलेली चादर दिसली की मी क्षणभर बाजूला सरते, कुणा अनोळखी माणसाला वाट द्यावी तशी. आपल्याला मिळालेल्या सकाळीत कुणाची तरी राहून गेलेली सकाळ मिसळलेली असते का?

यंदाच्या पौषातल्या एका पहाटे धुक्यानं अंगणातलं सीताफळाचं झाड पुसून टाकलं होतं. बाहेर भांडी विसळून मी आत आले आणि झोपलेल्या त्यांच्या मनगटावर हात ठेवला. काहीच नव्हतं. बोटं सरकवली, दाबली. शांत. ही जोडणी गेली तर दुसरी होऊन वापरात येईपर्यंत महिने जाणार. तोवर मानेत नळी, आणि कदाचित पुन्हा ती हैदराबादची खोली. रिपोर्टांची पिशवी, शाली, गाडी, सिस्टरला फोन... मनात यादी भराभर उतरत होती, आणि कागदावर लिहायला घेतलेलं पेन मात्र हातात धरवत नव्हतं.

"उठा ना वो," मी म्हटलं. "हात बंद पडला."

त्यांनी अर्धवट झोपेत माझी बोटं उजव्या मुठीत धरली. "काऊन घाबरून राह्यली? बर्फ झाली तुही बोटं. त्याईले काय समजते? हजेरी नीट घे, बाई. कान लाव."

फार वर्षांपूर्वीही ते असंच काहीसं म्हणाले होते. लग्नानंतर स्कूटरवरून कुंटाल्याचा धबधबा पाहायला निघालो असताना सागाच्या रानात त्यांनी मध्येच इंजिन बंद केलं आणि म्हणाले, ऐक. दिसत काहीच नव्हतं. फक्त झाडांमागून, जणू जमिनीच्याच पोटातून, एक अखंड नाद येत होता. न दिसणाऱ्या पाण्यावर मी त्याआधी कधी इतका विश्वास ठेवला नव्हता.

मी वाकून मनगटावर कान टेकवला. आधी माझाच धापा टाकणारा श्वास. मग तो निवला, आणि दुरून, ओल्या पानांआडून यावा तसा तो नाद आला. आला आणि थांबलाच नाही.

"हजर?" त्यांनी विचारलं.

"हजर," मी म्हटलं, आणि पहिली बस निघून जाईपर्यंत तशीच वाकून राहिले. दुसरी बस मिळाली, पाळीही मिळाली.

आता यादीत 'हात' या शब्दाच्याही वर एक ओळ आहे : आधी बोटं शेकणं. मी चहाच्या पेल्याभोवती तळवे धरते, ऊब बोटांच्या टोकांपर्यंत पोचू देते, मग त्यांच्या मनगटावर हात ठेवते. गुणगुण लागते. काम तिथं संपतं. तरी मी कान लावते. ते यादीत लिहिलेलं नाही.