रोजगार हमीची पोच

शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक डिंभे धरणाच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवर झाली. नव्वदीचं दशक होतं. भाताची कापणी उरकली की वाडीतली माणसं पोराबाळांसकट नारायणगावकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जात आणि माझा वर्ग अर्धा रिकामा होई.

एका दुपारी माझी घरमालकीण शाळेत आली. "बाई, रोजगार हमीचं काम मागायचा अर्ज असतो. तुमी भरून द्याल का? यंदा पोरं घेऊन कुटं जायचं न्हाई."

पन्नासच्या वर अर्ज भरले. ते घेऊन चौदा बाया आणि मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "ठेवा तिथं." तारखेची पोच मागितली तर म्हणाला, "पोच कशाला? काम निघालं की कळवू."

पोच मिळाली की पंधरा दिवसांत काम द्यावंच लागे, नाहीतर बेकारभत्ता. हे घरमालकिणीला पक्कं ठाऊक होतं. ती तिथंच फरशीवर बसली. पाठोपाठ सगळ्या बसल्या.

कारकून वैतागला. "अहो, कामं काढायला सरकारनं पैसे आणायचे कुठून?"

माझी नोकरी नवी होती. तरी बोलले. "माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापतात. तुमच्याही कापत असतील. तो ह्याच कामांसाठी लावलाय." तोवर त्या कपातीवर मी नुसती चरफडतच आले होते.

"म्हंजी भाऊ, तुमी आदीच दिल्यात की!" घरमालकीण म्हणाली. "मग आता कागद तेवढा द्या."

कारकुनालाही हसू फुटलं. त्यानं शिक्का पुढं ओढला. आमची एसटी तोवर निघून गेली होती. आम्ही पोचपावत्या पदरात बांधून, गाणी म्हणत निम्मी वाट चालत आलो.

बाराव्या दिवशी वाडीच्या रस्त्याचं काम निघालं. पहिल्याच सकाळी घरमालकिणीनं मुकादमाला अडवलं. "तान्ही पोरं हाईत. त्यास्नी सांभाळायला एक बाई नेमायची, असा नियम हाय."

घमेलं उचलवत नाही म्हणून घरी बसलेली वाडीतली म्हातारी त्या कामावर लागली, पुऱ्या मजुरीवर. जांभळीच्या सावलीत लुगड्याच्या झोळ्या बांधल्या गेल्या. शाळा सुटल्यावर मी तिकडे गेले, तर म्हातारी ताठ बसून झोळी हलवत होती.

"बाई, जरा हळू बोला," ती म्हणाली. "मी डूटीवर हाय."